पोट वारंवार पडते, त्याला इलाज कोणता?

एखाद्या बाईला दिवस जातात आणि दोनतीन महिन्यांत पोट पडते. दोनदा, तीनदा असे झाले की घरात कुजबुज सुरू होते. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी सुनेच्या पायगुणावर बोट ठेवतो. ही बोलणी आधी सोडा. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांची घडणच मुळात चुकलेली असते. त्याला बाई काय करणार?

काही वेळा मात्र कारण रक्तात असते. आपल्या अंगात राखणदार असतात. एक, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. दुसरी, प्रतिद्रव्ये. बाहेरून रोगजंतू आला की ते त्याला गाठून मारतात. आता गंमत पाहा. मुलाचा निम्मा वाटा बापाकडून आलेला असतो. म्हणजे आईच्या अंगाला तो परकाच की! मग राखणदार त्याला नऊ महिने राहू कसे देतात? हा प्रश्न पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडला.

त्यावरून पुढे काही डॉक्टरांनी तर्क केला. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचाव्या, म्हणजे तिच्या अंगाला ओळख होईल आणि गर्भ टिकेल. लंडनमध्ये हे करून पाहिले. १९८५ साली निकाल छापून आला. २२ बायांपैकी १७ जणींना मूल झाले. सगळीकडे आशा वाटू लागली.

मग अमेरिका व कॅनडात मोठी पारख झाली. निम्म्या बायांना पेशी टोचल्या, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय टोचले हे बायांनाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. अशी पारखच खरी. १९९९ साली निकाल लागला. पेशीवाल्या शंभरांत ३६ जणींचे गर्भ टिकले, पाणीवाल्या शंभरांत ४८. २००२ साली अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने प्रयोगाबाहेर हा इलाज करू नये असे कळवले. आपल्या देशात काही ठिकाणी तो अजून करतात. त्यासाठी दागिना गहाण टाकू नका.

एका आजारावर मात्र खरा इलाज आहे. त्यात प्रतिद्रव्ये आपल्याच अंगावर उलटतात. कुंपणच शेत खाते म्हणा ना! वार नीट काम करीत नाही, रक्ताच्या गुठळ्याही होतात. या आजाराला अँटिफॉस्फोलिपिडचा आजार म्हणतात. रक्त तपासून तो कळतो. निदान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते; एकदाच्या तपासणीवर विसंबू नये. इलाज म्हणजे ॲस्पिरिनची लहान मात्रा आणि हेपॅरिनची सुई. लंडनच्या १९९७ सालच्या पाहणीत नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ बायांपैकी १९ जणींना मूल झाले. दोन्ही घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना झाले.

आणि कारणच सापडले नाही तर? तशा निम्म्याहून अधिक बायांना पुढे औषधावाचून मूल होते.

ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. हेपॅरिनची सुई रोज पोटाच्या कातडीखाली टोचतात. ती कशी टोचावी हे दवाखान्यातली नर्सबाई शिकवते. मग पुष्कळ बाया घरी स्वतःच टोचून घेतात.