मिशिगनमधला गाडीचा विमा: कात्री कुठे लावायची?

डेट्रॉइटच्या आसपास, ट्रॉय-नोवाय-कँटनकडे राहणाऱ्या आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न: "गाडी साधी, मग विमा एवढा महाग का?" आज तेच बघूया.

मिशिगन हे १९७३पासून 'नो-फॉल्ट' राज्य आहे. म्हणजे अपघातात चूक कुणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च तुमचाच विमा देतो. या भागाला म्हणतात पीआयपी. २०२०च्या मध्यापर्यंत तो अमर्याद घ्यावाच लागायचा, आयुष्यभराच्या उपचारांसाठी. हप्ता फुगायचं मोठं कारण हेच. जुलै २०२०पासून आपण मर्यादा निवडू शकतो: अमर्याद, ५ लाख किंवा अडीच लाख डॉलर. मेडिकेडवाल्यांना काही अटींवर ५० हजारही.

मग सगळ्यात स्वस्त घेऊन टाकायचं? जरा थांबा. आधी तुमच्या आरोग्य विम्याला लेखी विचारा: गाडीच्या अपघातातली इजा तुम्ही कव्हर करता का? 'हो' म्हणाले, तरी मणक्याला मार लागला तर घरी महिनोन्‌महिने माणूस लागतो. तो खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, पीआयपी देतो. आणि ही मर्यादा घरात राहणाऱ्या नवऱ्याला, बायकोला, नातेवाइकांनाही लागू होते. सही एकाची, निर्णय सगळ्या घराचा!

दुसरा भाग लायबिलिटीचा. कायद्याने ठरवलेली मर्यादा माणशी अडीच लाख, एका अपघाताला ५ लाख. ती ५० हजार आणि १ लाखापर्यंत खाली आणता येते. मी तरी आणणार नाही. चूक तुमची असेल आणि समोरच्याचा पीआयपी संपला, तर उरलेला खर्च तो तुमच्याकडे मागू शकतो.

मग कात्री लावायची कुठे? कोलिजनवर. चालत्या गाडीला दुसऱ्याने ठोकलं, तरी त्याच्याकडून 'मिनी टॉर्ट'खाली जास्तीत जास्त ३ हजार डॉलर मिळतात. बाकी तुमचं कोलिजन बघणार. पण गाडीच तीन-चार हजारांची असेल, तर हप्ता आणि डिडक्टिबल मिळून कितीला पडतं ते मांडून बघा. परवडत नसेल तर कोलिजन सोडा. कर्ज असेल तर मात्र सोडता येत नाही. गाडी नवी असेल तर डिडक्टिबल ५०० वरून १,००० करा, पण तेवढे पैसे बाजूला ठेवूनच.

शेवटचं: तीन कंपन्यांकडून दर मागवा, पण कव्हर तंतोतंत तेच ठेवून. नाहीतर स्वस्त काय आणि अपुरं काय, कळणारच नाही.

गाडी नवी घेता येते हो. माणसांच्या उपचारांचे पैसे आधी बघा. भेटूया पुढच्या भागात!