घरातील समुद्रजलाची काचपेटी : आधी पाणी मुरवावे, मग मासे सोडावेत

शिक्रापूरपासून समुद्र सह्याद्रीपलीकडे, दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. तरीही अलीकडे या परिसरातील काही घरांत समुद्री माशांच्या काचपेट्या दिसू लागल्या असून त्यासंबंधीची विचारणा कृषी कार्यकर्त्यांकडे होऊ लागली आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. त्यांच्या मुलाने हौसेने काचपेटी आणली, विकतचे समुद्री मीठ पाण्यात विरघळवले आणि त्याच सायंकाळी चार मासे सोडले. पाचव्या दिवशी एकही मासा उरला नाही. पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ होते. वडिलांनी ते सर्व पाणी परसातील लिंबाच्या आळ्यात ओतले. पंधरा दिवसांत लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या व पानगळ सुरू झाली. मासे आणि झाड या दोहोंचीही हानी टाळता येण्याजोगी होती. ती कशी, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मासे का मेले?

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. पेटीत तो साचतो. समुद्रजलाचा सामू ८.२ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. तो डोळ्यांना दिसत नाही; म्हणून स्वच्छ पाण्यातही मासे मरतात.

यावरील उपाय शेतकऱ्यास परका नाही. पिकाला अमोनियम सल्फेट दिले म्हणजे जमिनीतील एका गटाचे जिवाणू त्यातील अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले. पेटीतही हेच कार्य घडते. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट मात्र पुष्कळ कमी घातक असते. जिवाणू दगडांवर व तळाच्या थरावर वाढतात आणि त्या वाढीस काही आठवडे लागतात. ताज्या शेणात रोप लावले तर ते जळते, कुजलेल्या खतात ते फोफावते. पाण्याचेही तसेच आहे.

पेटी व जागा

पहिली पेटी फार लहान घेऊ नये. थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो. ९० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच पेटीत दगड वगळता सुमारे १५० लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते, म्हणून मांडणी भक्कम व समतल असावी. थेट ऊन येईल अशा खिडकीजवळ पेटी ठेवू नये.

तळाला नदीची वाळू घालू नये; तिच्यात माती व लोहकण असतात. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा, दुसरे काही न मिसळलेला, अनेक वेळा धुऊन वापरता येतो. माशांना दडण्यासाठी व जिवाणूंना वाढण्यासाठी सच्छिद्र मृत्तिकेचे ठोकळे रचावेत.

पाणी व मीठ

विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी येथे जड असते व उसाच्या पट्ट्यात त्यात नायट्रेटही आढळू शकते. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जिवाणूंना मारते. म्हणून आर. ओ. यंत्राचे पाणी घ्यावे.

स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. ते जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रजलात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेटही असतात. यासाठी तयार समुद्री मीठ मिळते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात १५० लिटरांस साधारण साडेपाच किलो मीठ लागते. ते स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपात आदल्या दिवशी विरघळवून, हवेचा पंप लावून ठेवावे. कीटकनाशकाचे वा खताचे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये. तांब्या-पितळेची भांडीही वर्ज्य करावीत. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ आहे की नाही हे मापकाने पाहावे.

पाणी मुरवण्याची रीत

पेटी भरून पंप व गाळणी सुरू करावी. मासे सोडू नयेत. रसायनांच्या दुकानातील शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १ ग्रॅम विरघळवून घालावा. १५० लिटरांत त्यामुळे लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. एक दिवसाआड तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत लिहावे. प्रथम अमोनिया दिसेल. मग तो उतरेल व नायट्राइट चढेल. शेवटी तोही उतरेल. अमोनिया संपल्यावर तितकाच नवसागर पुन्हा द्यावा. दिलेली मात्रा चोवीस तासांत पूर्णपणे नाहीशी होऊन अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, की पाणी मुरले असे समजावे. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर निम्मे पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी करावे, व मग एक किंवा दोनच मासे सोडावेत. पुढील मासे दोन-तीन आठवड्यांनी.

मासे कोणते? प्रवाळ का नको?

प्रारंभास विदूषक मासा चांगला. तो काटक आहे, त्याला समुद्रफुलाची गरज नसते आणि भारतात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो व मॅन्ग्रोव्ह प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने ऐरोली येथे शोभिवंत समुद्री जीवांचे प्रजनन केंद्रही उभारण्यात आले. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा पैदास केलेला मासा घ्यावा. तो पेटीत लवकर रुळतो.

परदेशी चित्रांत दिसणारी प्रवाळाची पेटी मात्र आपल्याकडे करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ संरक्षित आहेत, समुद्रघोडाही तसाच. 'जिवंत दगड' म्हणून विकला जाणारा प्रवाळखडकही घेऊ नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. प्रवाळ पाहावयाचे ते समुद्रातच पाहावेत.

रोजची निगा

पाण्याचे तापमान २५ ते २८ अंशांत असावे. एप्रिल-मे महिन्यांत ते चढते. अशा वेळी झाकण काढून पंख्याचा वारा द्यावा. त्याने पाणी आटते, परंतु मीठ मागेच राहते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने कधीही नाही. निचरा नसलेली बागायत जमीन नेमकी याच कारणाने खारावते.

वीज गेल्यास विजेरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा. तो नसेल तर तांब्याऐवजी प्लॅस्टिकच्या मगाने पाणी वर उचलून ओतत राहावे. फवारणी करून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पेटीत हात घालू नये. पेटीच्या खोलीत डासांचे औषध फवारू नये. पंप तीच हवा पाण्यात ओढतो आणि ही औषधे माशांना अत्यंत विषारी असतात.

काढलेले पाणी कोठे टाकावे?

पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा, म्हणजे १५ लिटर पाणी बदलावे. त्यात अर्धा किलोहून अधिक मीठ असते; वर्षभरात ते साडेतेरा किलोच्या आसपास जाते. जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमनच्या वर गेली की तिला क्षारयुक्त म्हणतात. समुद्रजलाची सुमारे ५० असते. म्हणून हे पाणी झाडाच्या आळ्यात, शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात टाकू नये. गच्चीवर प्लॅस्टिकच्या पसरट परातीत उन्हात आटवावे, पावसाळ्यात पिंपात साठवावे. उरलेले मीठ कचऱ्याच्या गाडीत द्यावे. जनावरांना चाटण्यास ठेवू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पेटी घेऊ इच्छिणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पाणी मुरण्यासाठी दीड महिना थांबण्याची तयारी आहे काय, आणि काढलेले खारे पाणी आटविण्याची सोय आहे काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तरच पेटी आणावी. ज्यांच्या परसातील लिंब करपले, त्यांनी त्या आळ्यास गोडे पाणी भरपूर देऊन निचरा करून दिला आहे. त्यांच्या मुलानेही पेटी पुन्हा भरली आहे. या खेपेस तो नुसत्या पाण्याची वही लिहीत आहे.