घर आपलं, परवानगी कॅम्डेनची!

टीईला टाउन प्लॅनिंगच्या सेमिनारसाठी आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी एफएसआय, टीडीआर असले नेहमीचे विषय उचलले. मी लंडनमधलं एक घर निवडलं. पत्ता: १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहायचे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. मात्र २०१८ मध्ये तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने (आपल्या भाषेत महापालिकेने) सांगितलं, या घराचं म्युझियम करायला परवानगी नाही!

सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "अरे, पण विकत घेतलंय ना? मग अडवणारे हे कोण?"

प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर इंग्लंडच्या १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टमध्ये आहे. या कायद्याने जमीन मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर 'डेव्हलपमेंट' करण्याचा हक्क परवानगीशी बांधून टाकला. आणि डेव्हलपमेंट म्हणजे फक्त विटा-सिमेंट नव्हे. एक वीटही न हलवता इमारतीचा वापर ठळकपणे बदलला तरी ती डेव्हलपमेंटच! त्यासाठी इमारतींचे वर्ग पाडलेले आहेत. राहतं घर सी-३ मध्ये येतं. म्युझियम तेव्हा डी-१ मध्ये होतं. सप्टेंबर २०२० पासून डी-१ रद्द होऊन ते एफ-१ मध्ये गेलं. म्हणजे किंग हेन्रीज रोडचा सगळा वाद 'सी-३ चं डी-१' एवढ्या एका ओळीचा होता. कॅम्डेनचं म्हणणं, आमच्याकडे घरांची टंचाई आहे, राहती जागा कमी करणं आमच्या लोकल प्लॅनमध्ये बसत नाही. शेजाऱ्यांच्या गर्दी-गोंगाटाच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच.

आता सिव्हिलवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या, कारण आपल्याकडचा आणि तिकडचा खरा फरक इथे आहे. आपल्याकडे प्लॅन मंजुरी बऱ्याच अंशी नियमांवर चालते. एफएसआय बसला, साइड मार्जिन बसली, पार्किंग बसलं की प्लॅन पास व्हायला हवा. (व्हायला हवा म्हणतोय, होतोच असं नाही!) एमआरटीपी कायदा, १९६६ मध्ये तर ६० दिवसांत उत्तर आलं नाही आणि प्लॅन नियमात बसत असेल, तर परवानगी मिळाली असं मानायची सोयही आहे. इंग्लंडमध्ये असा आकड्यांचा हिशोब नाही. प्रत्येक अर्ज लोकल प्लॅन आणि इतर संबंधित मुद्दे यांच्या तराजूत तोलला जातो. शेजाऱ्याचा उजेड, खासगीपणा, आवाज, ट्रॅफिक हे मुद्दे चालतात. "माझ्या घराची किंमत पडेल" हा मुद्दा चालत नाही. साध्या अर्जाला साधारण ८ आठवड्यांची मुदत असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मुळीच नाही, फक्त वर अपील करता येतं.

महाराष्ट्र शासनानेही अपीलच केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. अशा वेळी इन्स्पेक्टर दोन्ही बाजू ऐकून अहवाल देतो, आणि प्रकरण महत्त्वाचं असेल तर निकाल मंत्री स्वतः देतात. इथे तसंच झालं. मार्च २०२० मध्ये गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. उद्घाटनानंतर सव्वाचार वर्षांनी! माझं स्वतःचं मत असं की बाबासाहेबांच्या घरासाठी ही लढाई लढायलाच हवी होती, पण अर्ज आधी आणि फीत नंतर हा क्रम जास्त बरा.

बरं, प्लॅनिंग परमिशन मिळाली म्हणजे संपलं असंही नाही. ती सांगते की इथे हे चालेल का. बीम किती जाड, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, भिंतीतून उष्णता किती जाते, हे सगळं बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये येतं. ती परवानगी वेगळी, तपासणारी माणसं वेगळी, आणि शेवटी मिळणारं कम्प्लीशन सर्टिफिकेटही वेगळं. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. त्यानंतर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. आता किमान १८ मीटर उंच किंवा किमान ७ मजली राहत्या इमारतींना रेग्युलेटरच्या मंजुरीशिवाय कामच सुरू करता येत नाही. शिवाय शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत असेल तर १९९६ चा पार्टी वॉल ॲक्ट आहे, म्हणजे त्याला आधी लेखी नोटीस.

छोट्या कामांना मात्र सूट आहे. घराच्या मागे एक मजली खोली काढायची, तर सुट्या बंगल्याला ४ मीटर आणि जोडघराला ३ मीटरपर्यंत उंची वगैरेच्या अटी पाळून अर्जाची गरज नसते. फ्लॅटला ही सूट नाही, हे लंडनमध्ये फ्लॅट घेणाऱ्या आपल्या मंडळींना फार उशिरा कळतं.

आणि काहींना वाटतं, गुपचूप बांधू, कोण बघतंय! सरे परगण्यातल्या रॉबर्ट फिडलर नावाच्या शेतकऱ्याने चक्क किल्ल्यासारखं घर बांधलं आणि ते गवताच्या गठ्ठ्यांआड झाकून ठेवलं. चार वर्षं कुणी हरकत घेतली नाही तर बांधकाम कायम होतं, असा तेव्हा नियम होता. २००६ मध्ये त्याने गठ्ठे काढले. कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की लपवण्यासाठी ठेवलेले गठ्ठे हा बांधकामाचाच भाग होता, त्यामुळे चार वर्षं ते काढल्यापासून मोजायची. शेवटी २०१६ मध्ये त्याला ते घर पाडावं लागलं. एप्रिल २०२४ पासून तर इंग्लंडमध्ये चार वर्षांची ती मुदतच दहा वर्षांची झाली आहे.

तिकडची एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक अर्जाचं रजिस्टर सर्वांना खुलं असतं. ड्रॉइंग्ज, निकाल, सगळं घरबसल्या वाचता येतं. ज्यांना खरा अर्ज कसा दिसतो ते बघायचंय त्यांनी रात्री मेसनंतर रूमवर या, दोन-चार डाउनलोड करून ठेवलेत. चहा मात्र तुमचा!