बाकावरचा अर्धा तास

जिल्हा रुग्णालयात क्ष-किरण विभाग कुठे, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र कुठे, असे मोठ्याने विचारणारा मनुष्य मी तरी अद्याप पाहिलेला नाही. ‘आयसीटीसी’ अशी पाटी असलेल्या त्या दारापर्यंत लोक पोहोचतात ते शेजारच्या बाकावर अर्धा तास उगीच बसून, हातातला केसपेपर चारदा घडी करून, ओळखीचे कोणी नाही ना याची खातरजमा झाल्यावर.

आत जे घडते ते मात्र अगदी साधे. समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मगच रक्त घेतले जाते. पहिल्या चाचणीत लागणीचा संशय आला तरी तेवढ्यावर निवाडा होत नाही, निराळ्या बनावटीच्या आणखी दोन किटांनी पडताळा घेतला जातो, आणि तिन्हींची साक्ष एक आली तरच ‘एचआयव्ही बाधित’ असा शेरा पडतो. ही चाचणी विषाणूच्या विरोधात शरीराने घडविलेली प्रतिपिंडे शोधते व ती घडायला काही आठवडे लागतात, म्हणून कालच्या जोखमीचा जबाब आजच्या रक्ताकडे मागू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. जोखीम खरोखरच कालची असेल, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या, सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे प्रतिबंधक औषध आहे, हे निरोधाचा उपदेश करणारेही पुष्कळदा सांगावयाचे विसरतात.

भारतात ही लागण प्रथम उघडकीस आणली ती १९८६ साली मद्रासेत, डॉ. सुनीती सॉलोमन – माहेरच्या गायतोंडे – आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी. रक्ताचे नमुने निर्मलाबाईंनी आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासणीसाठी रात्रीच्या गाडीने वेल्लोरकडे नेले. त्यावेळी निदान होई, औषध नव्हते. पुढे औषधे आली, पण वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्चाची. २००१ साली मुंबईच्या सिप्ला या औषधकंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांची एकत्रित मात्रा वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक रुग्णालयांत ती फुकट द्यावयास आरंभ केला. २०१७ पासून तर रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या खालावण्याची वाट न पाहता, निदान झाले की उपचार, हाच शिरस्ता आहे.

याहून मोठी हकीकत २०११ सालची. एक बाधित व एक निरोगी अशा जोडप्यांवर नऊ देशांत जे संशोधन झाले, आणि ज्यात पुण्याच्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही वाटा होता, त्यात लवकर सुरू केलेल्या औषधाने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, व गोळी न चुकता चालू राहिली, की तो शरीरसंबंधातून पसरत नाही, हे आता निर्विवाद आहे; गरोदरपणी वेळेवर उपचार मिळाले तर मूलही बहुधा निरोगी जन्मते.

संमतीविना चाचणी करू नये, नाव फोडू नये, एवढ्यावरून नोकरीतून काढू नये, असा कायदाही २०१७ साली झाला. तरीही आपल्या तालुक्याचे केंद्र सोडून, पहाटेच्या एस.टी.ने परजिल्ह्यात औषध आणावयास जाणारी आणि घरी पोहोचण्याआधी बाटलीवरचा कागद नखाने खरवडून टाकणारी माणसे त्या बाकावर आजही भेटतात.