कॉलशीट मोबाईलवर आली, पण बैलगाडी कोण आणणार?

आज बोलूया प्रॉडक्शन मॅनेजरबद्दल. पडद्यावर ज्याचं नाव येईपर्यंत आपण पार्किंगमध्ये पोचलेलो असतो, तो माणूस.

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या वेळी यातलं बरंचसं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी ओढलं. युनिटचा स्वयंपाक, शिवाय कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं.

आता समजा, तुम्ही हिंगोलीत शॉर्टफिल्म करताय. तीन सीन औंढा नागनाथला, दोन नरसीला, बाकी हिंगोलीच्या बाजारात. गोष्टीच्या क्रमानं शूट केलं तर बजेट डिझेलमध्येच जाईल. म्हणून औंढ्याचे सगळे सीन एका दिवशी उरकायचे, मग ते गोष्टीत सुरुवातीचे असोत की शेवटचे. पूर्वी प्रत्येक सीनची पुठ्ठ्याची रंगीत पट्टी करून फळ्यावर मागंपुढं सरकवायचे. आता 'मूव्ही मॅजिक', 'स्टुडिओबाइंडर' अशा सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी सरकते. छोट्या युनिटला गूगल शीटही पुरते. पाऊस आला? पट्टी हलवा, नवी कॉलशीट व्हॉट्सॲपवर टाका.

एआय तर स्क्रिप्ट वाचून लागणाऱ्या सामानाची यादीच काढून देतं. पण आपल्याकडं 'दादा गाडी घेऊन येतो' म्हणजे बैलगाडी, बुलेट की बोलेरो? ते यादीत बिनधास्त 'कार' लिहून मोकळं होतं. आणि बैलगाडीच हवी असेल, तर पेरणीच्या दिवसांत बैल कोण देणार? त्यासाठी घरी जाऊन चहा प्यावाच लागतो.

ड्रोनचं मात्र सोपं झालंय. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन आधीच दिसतो. जागेच्या मालकाची परवानगी वेगळी, ती विसरू नका.

मला खटकतं ते वेगळंच. शेड्यूल बदलणं फुकट झाल्यापासून ते कधीही बदलतं. मेकअपवाल्या मुलीला रात्री साडेअकराला मेसेज येतो, 'कॉल पहाटे ५'. ती नुकतीच घरी पोचलेली असते. पूर्वी प्रत्येकाला फोन करावा लागायचा, तेव्हा मॅनेजर दोनदा विचार करायचा. त्यात लहान युनिटमध्ये ना युनियन, ना करार. झोपेविना टेम्पो चालवणारा ड्रायव्हरही याच कॉलशीटवर असतो.

म्हणून तुमच्या शीटमध्ये दोन कॉलम वाढवा: प्रत्येकाची पॅकअपची वेळ आणि पुढचा कॉल. मधलं अंतर दहा तासांच्या आत आलं की रकाना लाल व्हायला हवा. कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात त्याला, फोनवरच्या ॲपमध्येही जमतं.