वाटेवरची बेवारस डबी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला 'काय काय पाहिलंत?' असं विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, लंडनचं ते मोठं घड्याळ. मधल्या वाटेवर काय होतं ते कुणी सांगत नाही, कारण मधल्या वाटेवर मंडळी बसमध्ये झोपलेली असतात. बारा दिवसांत सात देश उरकायचे तर माणसानं झोपायचं तरी कधी? मी चेष्टा करीत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच घडणारी ती यात्रा असते आणि यादीतलं एकही नाव सुटू नये असं वाटणं साहजिकच आहे.

पण या मधल्या वाटेसाठीच जणू काढलेला एक खेळ आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. सोप्या मराठीत सांगायचं तर लपवलेली डबी शोधणं. कुणी एक अनोळखी माणूस झाडाच्या ढोलीत, पुलाखाली किंवा पडक्या भिंतीच्या फटीत डबी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण ते आकडे मोबाइलमध्ये घालून तिथवर जायचं, डबी शोधायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही.

या खेळाची जन्मतारीख मात्र पक्की ठाऊक आहे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य माणसासाठी मुद्दाम थोडे बिघडवलेले असत, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात, १ मे २००० च्या मध्यरात्री ही अडवणूक उठली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळच्या झाडीत एक बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, एक गलोल, शेंगदाण्यांचा नव्हे, पण घेवड्याच्या दाण्यांचा डबा असं काहीबाही होतं. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम. त्या बादलीची आज जगभर तीस लाखांच्या वर पिल्लं झाली आहेत.

प्रवासात हा खेळ खेळायला फारसं काही लागत नाही. मोबाइलवर त्याचं ॲप मिळतं. वर्गणी भरली तर आपला मार्ग आखून त्याच्या दोन्ही अंगांच्या डब्यांची यादीच मागवता येते. परदेशात इंटरनेट महाग पडतं, म्हणून ती यादी आदल्या रात्री मुक्कामावरच उतरवून घ्यावी. प्रत्येक डबीला दोन अंक असतात, एक शोधायला किती अवघड याचा आणि दुसरा चालायला किती अवघड याचा. दोन्ही एकपासून पाचपर्यंत. गुडघे कुरकुरत असतील तर एक-दीडच्या पुढे जाऊ नये. पेन आपलं आपण न्यावं, कारण लहान डबीत ते मावत नाही. डबीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, वासानं जनावरं येतात. कुणी पाहत असेल तर ते जाईपर्यंत थांबायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही, तिथं २००४ पासून वेगळा प्रकार आहे. डबी नसते, पण त्या जागेच्या खडकाविषयी, नदीविषयी प्रश्न असतात आणि समोर पाहून उत्तरं लिहायची असतात.

आमची मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे गेलो असताना न्यूरेंबर्गहून साल्झबर्गला मोटारीनं निघालो होतो. तिथल्या हमरस्त्यावरून दोन्ही बाजूंना काही दिसत नाही, दिसतं ते फक्त पुढच्या मोटारीचं ढुंगण. नऊ वर्षांच्या नातीनं हट्ट धरला म्हणून एका खेड्याकडे वळलो. गावाबाहेर ओढा, त्यावर लाकडी साकव आणि पलीकडे मोठं झाड. यंत्र पाच-दहा मीटरपर्यंत आणून सोडतं, पुढचं काम डोळ्यांचं. वीसेक मिनिटं गेली. शेवटी मुळांच्या बेचक्यात, सालीखाली झाकलेला शाळेच्या डब्याएवढा डबा निघाला.

नात आतल्या प्लॅस्टिकच्या गाईकडे धावली. मी वहीकडे. तीसेक वर्षं बँकेत मी नोंदवह्याच तपासल्या. लिहिणाऱ्याची सही, तिच्यावर तपासणाऱ्याची, त्याच्यावर साहेबाची. काउंटरवरचं पेनसुद्धा आम्ही सुतळीनं बांधून ठेवायचो. इथं रानात उघड्यावर वही, तिच्यात मोकळी पेन्सिल, तपासनीस कुणीही नाही आणि वहीचं एक पानही फाटलेलं नव्हतं. गावोगावची, देशोदेशीची नावं तारीखवार लिहिलेली होती.

गाय घ्यायची तर तितक्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवायला हवी. माझ्या पाकिटात ॲल्युमिनियमचं षट्कोनी वीस पैशांचं नाणं होतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. मी तसं सांगताच नात म्हणाली, "आजोबा, मग हे फसवणं नाही का?" मोठा रास्त प्रश्न होता. तिची आई म्हणाली, "तूच ठरव, तुला सापडलं असतं तर?" तिनं नाणं उलटसुलट पाहिलं, सहा कोपरे मोजले आणि डब्यात ठेवलं.

आता आपल्याकडचा विचार करा. १२ मार्च १९९३ आणि ११ जुलै २००६ पाहिलेल्या मुंबईत 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे वाक्य लहान पोरांनाही पाठ आहे, आणि ते पाठ असायलाच हवं. इंग्लंडमध्येही हे घडलं. २०११ च्या जुलैमध्ये वेदरबी गावातल्या एका कॅफेबाहेरची अशीच डबी पाहून कुणाला संशय आला, रस्ता बंद झाला आणि लष्कराच्या पथकानं ती डबी उडवून दिली. म्हणून गर्दीची जागा, स्टेशन, सरकारी इमारत इथं हा खेळ नको. अनोळखी माणसानं ठेवलेली वस्तू निर्धास्तपणे उघडता येणं ही चैन आहे, आणि ती सगळीकडे परवडत नाही.

गंमत अशी, की जीपीएस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जर्मनीत नव्हे, आमच्या तळोद्यात. बँकेचा एक जुना खातेदार, सातपुड्याच्या उतारावर कसणारा आदिवासी शेतकरी, बाजाराच्या दिवशी भेटला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना दावा करता येतो. वडीलधाऱ्यांचा जबाब, शेताचे जुने बांध हेही त्यात पुरावा धरले जातात. त्याच्या शेताला यंत्र घेऊन फेरी मारून झाली होती. तो म्हणाला, "साहेब, शेत मशिनात आलं. आता कागदात कधी येईल?"

ही हकीकत मी परतीच्या वाटेवर नातीला सांगितली. उपग्रह तेच आणि आकडेही तसेच. तिला त्यांनी गाय मिळवून दिली, त्याला स्वतःच्याच बापाचा बांध दाखवून द्यायचा होता. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "त्यांना कागद मिळाला का?" मुलांनी प्रवासात असे प्रश्न विचारावेत, यापरता प्रवासाचा फायदा कोणता?

आमच्याकडे आकड्यांवाचून चालणारी वाटही आहे. दिवाळीत धनत्रयोदशीला तळोद्याहून माणसं अस्तंब्याच्या यात्रेला निघतात आणि सातपुड्याचं ते उंच शिखर चढतात. अश्वत्थामा तिथं वावरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचं ज्यानंत्यानं पाहावं. पण अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला वाट दाखवायची, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शाळेच्या आवारात, मुख्याध्यापकांना विचारून, मुलांसाठी एखादी डबी ठेवून पाहायला काय हरकत आहे?

आणि यंदा कुणी परदेशी निघणार असाल तर यादीतली मोठी नावं जरूर पाहा. फक्त दोन मुक्कामांच्या मधे एखादी डबी शोधायला उतरा. ती सापडली नाही तरी बिघडत नाही. तेवढी वाट तरी जागेपणी पाहिलेली असेल.