आमवातातील पथ्य : पादांशिक क्रमाने

आमवाताचा रुग्ण औषध घेऊन उठतो, तेव्हा दही, उडीद, मासे, गूळ, पिष्टान्न सारे वर्ज्य असे आपण एका दमात सांगतो. चार दिवसांत पथ्य सुटते आणि दोष मात्र सिंहनाद गुग्गुळाला लागतो.

वस्तुतः सवयीचे अहित एकाएकी न तोडता पादापादाने सोडावे, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. अहिताचा एक पाद कमी करून त्या जागी हिताचा पाद द्यावयाचा. मधल्या दिवसांच्या गणनेत टीकाकारांचे एकमत नाही. व्यवहारात प्रत्येक पादास आठवडा द्यावा, असे आमचे मत.

रात्री वाटीभर दही भातावर घेणारा रुग्ण पाहा. रात्रीच्या दह्याचा निषेधही त्याच अध्यायात आहे! पहिल्या आठवड्यात पाव वाटी दह्याऐवजी सुंठ घातलेले कुळथाचे कढण. पुढे अर्धी, मग पाऊण. चौथ्या आठवड्यात दही सुटते. पित्तप्रकृतीस कुळथाऐवजी मूग द्यावेत. एका वेळी एकच पदार्थ बदलावा. कोकणातल्या रुग्णाचे मासे अगदी शेवटी.

मात्र सांधे सुजलेले असून सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर रक्ततपासणी व संधिवाततज्ज्ञाचा सल्ला लांबवू नये. सांध्यांची झीज केवळ आहाराने थांबत नाही. चालू असलेले मेथोट्रेक्झेट पथ्याच्या भरवशावर बंद करविणे घातक आहे.

औषधालयचालकांनीही गुग्गुळाची डबी देताना ‘दही कितव्या पादावर आले?’ एवढे अवश्य विचारावे.